तेल गोठल्यावर

न्हाणीच्या खिडकीत खोबरेलाची बाटली.
पहाटे साडेपाचला ती तिरकी करून बघते.
अजून वाहतंय.
म्हणजे आज नाही.

स्वेटर ट्रंकेत आहे, डांबरगोळ्यांच्या सोबतीला,
मरून रंगाचा, कोपराशी रफू केलेला,
खडेबाजारात घेतलेला, लग्नाच्या आधीच्या हिवाळ्यात.
बेळगावात हे सोपं होतं.
दसरा झाला की आई माळ्यावरून गाठोडं काढायची,
थंडी वाजते का, असं कुणाला विचारायची नाही.
घालायचा म्हणजे घालायचा.

इथे चोडणात नोव्हेंबर संपेस्तोवर पंखा दोनवर.
पहिल्या डिसेंबरात, सव्वासहाच्या फेरीबोटीत,
कानटोप्या, मफलर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली माणसं बघून
मला हसू आवरेना.
वीस डिग्री! आमच्याकडे वीसला आइसक्रीम खातात,
असं म्हणाले मी, चांगलं मोठ्याने.
सुकाणूवरचा इनास वळलाही नाही.
शेवंतीबाय तेवढी मासळीची पाटी पायाने सरकवत म्हणाली,
"खा मगो."

तो हिवाळा मी बिनबाह्यांच्या ब्लाउजात काढला.
ऐटीत.

प्रयोगशाळेत माझं काम मोजण्याचं.
साखर, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी.
थंडी कशाने मोजतात ते मात्र बोटीवर शिकले,
आणि नियमही तिथलाच :
पहिलं कुणी व्हायचं नाही.
मांडवीवर धुकं, पलीकडचं रायबंदर पुसून गेलेलं,
सगळ्यांचे हात काखेत,
आणि स्वेटर पिशवीत, घडीसुद्धा न मोडलेले.
जो आधी घालेल त्याला दिवसभर विचारतील, ताप आहे का.
मग एखादा घालतो,
आणि दुसऱ्या दिवशी अख्खी बोट लोकरीची.

पौषात मांडावर धालो घालणाऱ्या बायकांना
मी एकदा विचारलं होतं. मध्यरात्र, दव पडत होतं,
शाल एकीच्याही अंगावर नव्हती.
पाय थांबले की वाजते, म्हणाल्या,
आणि पाय थांबवले नाहीत.

भावाचा फोन काल रात्री.
इकडे तेरावर आलंय, तुझ्याकडे?
बावीस.
बावीस! मजा आहे, पंखा लावून झोपत असशील.
हो, म्हटलं.
म्हणताना पायावर गोधडी होती, दुहेरी,
खिडकी लावलेली,
आणि पंख्याला हात लावून चार दिवस झाले होते.
सख्ख्या भावाशी
इतकं फुटकळ खोटं मी का बोलले असेन?

तेवीस वर्षं म्हणजे काय होतं अंगाचं?
जीभ बदलली ते कळलं होतं, सोलकढीशिवाय जेवण अडतं.
कातडी कधी बदलली, त्याची नोंद
कुठल्याच वहीत नाही.

आज बाटलीत खाली पांढरं, वर पिवळं.
तिरकी केली तर वरचं सरकतं, खालचं नाही.
हे हो, की हे नाही?
बाटली ठेवली. स्वेटर पिशवीत टाकला,
फक्त टाकला.

बोटीत इनासचा पुतण्या सुकाणूवर, अर्ध्या बाह्यांत, दात आवळून.
पोदेराच्या टोपलीवरचा प्लास्टिकचा कागद वाऱ्याने फडफडतोय.
कुणी कुणाकडे बघत नाही.
मधोमध पोचलो, दोन्ही काठ दिसेनासे झाले, तेव्हा
मी पिशवी उघडली.

डोकं आत घातलं.
क्षणभर काळोख, लोकर, डांबरगोळ्या,
आईचा माळा.
गळा थोडा आवळ झालाय, केस अडकले,
ओढून डोकं बाहेर काढलं तर
सगळी बोट माझ्याकडे बघत होती.

"बरें मूं गो तुका?" शेवंतीबाय.
"थंडी वाजते," मी म्हणाले. चांगलं मोठ्याने.

तिने पाटीखालून पिशवी ओढली,
पिशवीतून हिरवं कार्डिगन, बटणं वेगवेगळ्या रंगांची.
"तेंच म्हणटां," असं काहीसं पुटपुटली.
पोदेराने मफलर काढला.

रायबंदरच्या धक्क्याला लागेपर्यंत सातजण.
मोजले मी. मोजणं माझं कामच.
वर रस्त्यावर पणजीची बस उभी होती,
काचा सगळ्या ओढलेल्या.